अखजीचं पान आणि आठवड्याची सुई

डॉक्टरांनी एकच चूक केली. त्यांनी मला पर्याय दिले.

"चार-पाच औषधं आहेत," डॉ. यशोधन म्हणाले. "सगळी मधुमेहाचीच, त्यातल्या काहींनी वजनही बऱ्यापैकी उतरतं. तुमच्या रिपोर्टप्रमाणे कुठलंही चालेल. घरी जाऊन विचार करा, पुढच्या आठवड्यात सांगा." अमरावतीत दिवसाला साठ पेशंट तपासणाऱ्या माणसाला कल्पना नसावी, की समोरची बाई सव्वीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात आहे आणि तिला विचार करायला सांगितलं की ती वर्गीकरण करायला बसते.

माझं वजन चौऱ्याऐंशी किलो भरलं होतं. बाबा गेले तेव्हा ते पंचाहत्तर होतं. दहा महिन्यांत नऊ किलो, आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सात पॉइंट एक.

या नऊ किलोंचा हिशेब सोपा आहे. बाबांना बावीस वर्षं मधुमेह होता आणि बावीस वर्षं आईनं त्यांच्यावर पहारा ठेवला. गूळ कुलपात, साखर शेजारी, आमरस वर्षातून दोन चमचे, तेही ती स्वतः मोजून घालणार. बाबा गेले आणि आईनं कुलूप काढलं. बावीस वर्षांत न रांधलेलं सगळं ती दर शनिवारी रांधू लागली, आणि खायला दर शनिवारी अमरावतीहून अकोल्याला जाणारी मी एकटी. मी नको म्हटलं नाही. आमच्या घरात रडण्याची पद्धत नाही, वाढण्याची आहे. ती वाढत गेली, मीही वाढत गेले.

आता खरी अडचण सांगते. सहा आठवड्यांवर अक्षय तृतीया होती. आमच्याकडे तिला अखजी म्हणतात. घरात माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या अखजीला त्याच्या नावानं कोरी घागर भरायची, आणि कुणाला तरी त्याच्या जागी 'पितर' म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. रीत म्हणजे भाऊबंदांतला एखादा पुरुष. बाबांबरोबर पस्तीस वर्षं कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर काम केलेले पंजाबराव काका आपणहून तयारही झाले होते.

"तुमाले रस आवडते म्हणून बसता," आई त्यांना म्हणाली. "पौर्णिमा बसन. ते त्याहिच्यासारखीच जेवते."

पुढे मला म्हणाली, "पानावर एक शीत नाई ठेवायचं, सांगून ठेवतो. त्याहिले बावीस वर्सं मी अर्ध्या पानावरून उठवलं. या खेपी पोटभर जेवू दे."

म्हणजे एकीकडे भूक मारणारं औषध आणि दुसरीकडे वडिलांच्या नावाचं भरलं पान. आईला औषधाचं सांगणं शक्य नव्हतं. 'शुगर' हा शब्द कानावर पडला की ती हातातलं काम ठेवून उठून जात असे. औषध अखजीनंतर सुरू करावं, हा सरळ उपाय मलाही सुचला होता. पण 'अखजी होऊ दे, मग पाहू' हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. डॉक्टरांचं नाव काढलं की बाबा दर वर्षी म्हणायचे. दिवाळी होऊ दे, असंही म्हणायचे.

ग्रंथालय संगणकावर गेल्यापासून जुन्या तालिकेची कोरी कार्डं खोकी भरून पडून होती. मी पाच कार्डं घेतली आणि रीतसर नोंदी केल्या.

पहिलं कार्ड: आठवड्याची सुई, सेमाग्लुटाइड. पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, भूक कमी होते. मळमळ संभवते. दुसरं कार्ड: आठवड्याचीच दुसरी सुई, टिर्झेपटाइड. काम तसंच, पण दोन दारांनी आत शिरते आणि सरासरीनं वजन अधिक उतरवते. मळमळ इथेही. तिसरं कार्ड: पहिल्याच औषधाची रोजची गोळी. सकाळी उपाशीपोटी, अर्धा कप पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास काहीही नाही. शेरा: 'चहासुद्धा नाही.' चौथं कार्ड: साखर लघवीवाटे बाहेर काढणारी गोळी. वारंवार जावं लागतं. शेरा: 'अमरावती ते अकोला, एसटी. गाडी फक्त मूर्तिजापूरला थांबते.' पाचवं कार्ड मेटफॉर्मिनचं. जुनी, स्वस्त, खात्रीची गोळी. वजन उतरवण्यात फारसा जोर नाही. ही बाबांची. तिच्यावर शेरा लिहिला नाही.

प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक ओळ आखली: 'अखजीला जेवता येईल का?' ही ओळ पाचही कार्डांवर कोरी राहिली. एकाही औषधाच्या माहितीपत्रकात अखजीला रसात बुडवून खायच्या सरगुंड्यांचा उल्लेख नव्हता.

मग दुसरी चूक मी केली. ही कार्डं औषधांच्या दुकानात काउंटरवर पसरली.

दुकान कोपऱ्यावरच्या श्यामभाऊंचं. त्यांनी कार्डं नीट वाचली. "ताई, चिठ्ठी आहे ना तुमच्यापाशी? बरं झालं. लोकं चिठ्ठी मांगतली तं भाचीच्या लग्नाची पत्रिका दाखवून राहिले. मी म्हणतो, बावा, पत्रिकेवर डॉक्टरची सही आण." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्या गल्लीत तिघी घेऊन राहिल्या ही पयली सुई. नावं नाई सांगत मी. त्यातली एक वकिलीन आहे." गल्लीत वकील एकच आहे.

दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या चारुशीला काकूंनी हे सगळं ऐकलं. त्या माझ्या खालच्या मजल्यावर राहतात, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. रात्रीपर्यंत ही बातमी जिन्यानं वर चढत पाचव्या मजल्यापर्यंत गेली. सकाळी काकू मेथ्यांची पिशवी घेऊन आल्या. "सुया कसल्या टोचून घेतेस? भिजवलेल्या मेथ्या आणि रोज पाऊण तास चालणं. मी दुसरं काही केलं नाही." दुसऱ्या मजल्यावरून कारल्याचा रस आला. चौथ्या मजल्यावरच्यांनी एका इसमाची गोष्ट सांगितली, तो सुई घेऊन इतका बारीक झाला की बायकोनं ओळखलं नाही. ही गोष्ट त्यांनी सावधगिरीचा इशारा म्हणून सांगितली की शिफारस म्हणून, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

स्वयंपाकाला येणाऱ्या मैनाबाईनं कमीत कमी शब्दांत मत दिलं. "ताई, सुईले पैसे कायले घालता? महिनाभर माह्या घरी राहायले या. आपोआप उतरते."

पुढच्या आठवड्यात मी कार्डं घेऊन डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी पाचही कार्डं वाचली, तळाची ओळ दोनदा वाचली.

"पौर्णिमाताई, पेशंट मला विचारतात, भूक लवकर कशानं मरते. एका दिवसापुरती परत कशी आणायची, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"एक आठवडा सुई चुकवली तर?"

"तरी निम्मं औषध अंगात असतंच. आणि मुहूर्तानुसार डोस चुकवायची सवय लागली, तर पुढे वर्षभर सण आहेत."

पहिली सुई ठरली, सगळ्यात कमी मात्रेची. एका पेनमध्ये चार आठवड्यांचे डोस. पेन वापरायला काढेपर्यंत फ्रिजमध्ये, मग तीस अंशांच्या आतल्या खोलीत चालतं. पण ते गोठलं तर फेकून द्यायचं. चैत्रातल्या अमरावतीत तीस अंशांच्या आतली खोली फक्त फ्रिजमध्येच मिळते. आणि पहिल्या सुईनंतर चौथ्या दिवशी माझा फ्रिज बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, कॉम्प्रेसर नागपूरहून येईल, अखजीनंतर.

चारुशीला काकूंकडे ठेवायचा प्रश्नच नव्हता. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फ्रिज होता. तिथल्या भगवंतनं दारातच अडवलं. "मॅडम, खाण्यापिण्याची वस्तू ठेवता येत नाई. पाटी आहे."

"ही खाण्याची वस्तू नाही, भगवंत."

"तसं लिहून पायजे."

मी विभागप्रमुखांना अर्ज केला. अर्जावर शेरा आला, 'सदर वस्तू खाद्यपदार्थ नसल्याचे प्रमाणपत्र जोडावे.' डॉ. यशोधन यांनी कपाळाला हात लावत प्रमाणपत्र दिलं. मग भगवंतनं रजिस्टर काढलं. नमुन्याचा प्रकार: द्रव. मात्रा: अल्प. पुढच्या रकान्याशी तो थांबला.

"घातक आहे का?"

"भुकेला."

त्यानं 'नाही' लिहिलं आणि माझ्या पेनावर चिठ्ठी चिकटवली, 'नमुना क्र. ४७'. फ्रिज उघडला तेव्हा आत खालच्या कप्प्यात ४३ ते ४६ हे चार नमुने आधीच होते. चारही तशीच पेनं. एक पेन ज्या रुमालात गुंडाळलं होतं, तो रुमाल मी ओळखत होते. त्याचे मालक रोज दुपारी स्टाफरूममध्ये पहाटे चालण्याचे फायदे सांगतात.

"कोणाले सांगू नका मॅडम," भगवंत म्हणाला. "नमुने गोपनीय असतात."

तेव्हापासून दर शुक्रवारी चार वाजता मी प्रयोगशाळेत जाऊन नमुना क्र. ४७ पोटात टोचून घेऊ लागले, आणि दर शनिवारी अकोल्यात आईसमोर पाटावर बसू लागले. पहिल्या शनिवारी निभावलं. दुसऱ्या शनिवारी पहिल्या भाकरीनंतरच पोट तुडुंब भरलं. अन्न समोर आहे, चांगलं आहे, आणि त्याच्याशी आपला काही संबंध नाही, असं काहीसं वाटतं. मळमळ वेगळी.

"डब्यात दे," मी म्हटलं. "उद्या तिकडे खाईन."

आई खूश झाली. तिला वाटलं, एका जेवणात मुलीचं भागत नाही. पुढच्या शनिवारी तिनं तीन पुडांचा डबा भरला, त्याच्या पुढच्या शनिवारी चार पुडांचा. गुळाच्या पोळ्या, बेसनाच्या वड्या, तुपातला शिरा. मी तो तसाच मैनाबाईला देत गेले. चौथ्या आठवड्यात मैनाबाईनं पोळपाट बाजूला सरकवला आणि कमरेवर हात ठेवले.

"ताई, तुमच्या आईले सांगा, हात आखडता घ्या. माहे झंपर उसवले तीन. सुई तुमी घेता अन् माहं काऊन वाढून राहिलं?"

शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर वजन कुठेही गेलं नव्हतं, फक्त त्याचा पत्ता बदलला होता.

अखजीच्या आदल्या दिवशी मी अकोल्याला पोचले. पारा त्रेचाळीसवर होता. आई भल्या पहाटेपासून कामात होती. कणकेची बारीक नळी काडीवर गुंडाळून वाळवलेली सरगुंडे तिनं होळीनंतरच करून ठेवली होती. आता कुरडया, वडे, चिंचवणी, वांग्याची भाजी, कढी, आणि दोन डझन आंब्यांचा रस. ती हातानं रस काढत होती. मिक्सरचा रस बाबांना आवडत नसे. आवडत नसे म्हणजे ते दोन चमचे आवडत नसत.

दुसऱ्या दिवशी घागर भरली, तिच्यावर आंबा ठेवला, पूजा झाली. पाट मांडला. पळसाच्या पानांची पत्रावळ वाढली. तिच्यावर रिकामी जागा शिल्लक नव्हती. मी बसले. समोर भिंतीला टेकून पंजाबराव काका खुर्चीत बसले होते, साक्षीदार म्हणून.

काकांबद्दल एक सांगायला हवं. ते आणि बाबा, म्हणजे त्यांचा गजेंद्र, जिनिंगवर कापसाच्या गाड्या मोजत. भरलेली गाडी काट्यावर, मग रिकामी गाडी काट्यावर, वजाबाकी म्हणजे कापूस. इतकी वर्षं हे केल्यावर दोघांचे डोळेच काटे झाले होते. गाडी फाटकातून आत येतानाच बाबा आकडा सांगत आणि काका काट्यावर खात्री करत. लहानपणी ते मलाही असंच दारातून मोजत, "पौर्णिमा, आज अर्धा किलो दप्तर जास्त आहे."

मी रसात सरगुंडे बुडवली आणि पहिला घास घेतला. तो उतरला. दुसरा उतरला. चौथा तोंडातच फिरत राहिला. मी पाणी प्यायले, पाण्यालाही जागा नव्हती. आई वाटी घेऊन वर उभी होती.

"घे ना वं. लाजू नोको."

काका बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं.

"वच्छलावहिनी," ते म्हणाले, "पोरीची गाडी साडेतीन किलोनं हलकी झाली."

"काहीतरीच," आई म्हणाली. "दर शनवारी चार पुडाचा डबा नेते ते."

"डबा गेला असन. गाडीत नाई आला. मी सांगतो ना, साडेतीन. पाव किलो इकडंतिकडं."

आदल्या सोमवारी दवाखान्यातल्या काट्यावर ऐंशी पॉइंट सहा भरले होते. डॉक्टरांच्या यंत्रापेक्षा काका शंभर ग्रॅमनं चुकले.

"मी चालते हल्ली," मी म्हटलं. हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला रुमालातलं पेन आठवलं. आई माझ्याकडे पाहत होती. वडिलांच्या पाटावर बसून खोटं बोलणं मला जमलं नाही.

"सुई घेते आई. पाच आठवडे झाले. मला शुगर निघाली आहे."

ती या वेळी उठून गेली नाही. आधीच उभी होती. तिनं रसाची वाटी हळूच खाली ठेवली.

"किती?" तिनं विचारलं.

"सात पॉइंट एक."

"त्याहिची अकरा निघाली होती पयल्यांदा." ती पानाकडे पाहत राहिली. "मंग हे कोण जेवन?"

काकांनी घसा साफ केला. "मी हावो ना."

"तुमी चूप बसा जी."

मी पुन्हा घास उचलला. चार माणसांचं पोटभर जेवण असलेली ती पत्रावळ संपवायचीच, असं मी ठरवलं होतं. बावीस वर्षांचं अर्धं पान होतं ते. घास तोंडाशी नेला आणि पोटातून मळमळ वर आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मळमळीचं होतं, निदान सुरुवातीला.

आईनं माझं मनगट धरलं आणि घास पानात परत ठेवायला लावला.

"सरक," ती म्हणाली.

"अं?"

"सरक तिकडं. त्याहिच्या पानावर मी बसलो तं कोनाले काय?"

ती पाटावर बसली, पदर खोचला आणि माझ्या उष्ट्या पानातलं सरगुंडं रसात बुडवून तोंडात टाकलं. डोळे मिटले. मग दुसरं टाकलं. मग वाटीच तोंडाला लावली. आईला मी आमरस खाताना कधी पाहिलं होतं, हे आठवायचा प्रयत्न करत होते. मला आठवेना. माझी नोकरी नवी असताना केव्हातरी.

"तू रस खात नव्हतीस?"

"त्याहिच्यासमोर खाऊ?" ती म्हणाली, तोंडात घास ठेवूनच. "दोन चमचे त्याहिले घातले की भांडं उचलो अन् शेजारच्या मंगलाच्या घरी नेऊन देवो. बस, झालं. कढी दे इकडं."

मी कढी दिली. आई जेवत होती आणि मी वाढत होते. वांगं संपलं, वडे संपले, चिंचवणी संपली. पंजाबराव काका खुर्चीतून पुढे वाकून एखाद्या गाडीकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहत होते. शेवटी तिनं पानावरचं शीतही बोटानं टिपलं आणि पाणी प्यायली.

"सव्वा किलो गेलं असन," काका म्हणाले. "गजेंद्र असता तं म्हणाला असता, गाडी आता बराबर भरली."

त्यांना पान वेगळं वाढलं. ते दोनदा रस घेऊन जेवले.

दुपारी भांडी आवरताना आईनं पाठमोरी राहून विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं तं वाटलं. चार पुडाचे डबे भरून भरून माहे खांदे गेले, ते नाई दिसलं तुले? मले वाटे, पोरीचं मन त्याच्यात लागून राहिलं, करू दे." तिनं पातेलं उपडं घातलं. "कोन खाल्लं मंग ते सगळं?"

"मैनाबाईनं."

"बरं झालं. गरिबाच्या तोंडी लागलं." मग हात पुसत माझ्याकडे वळली. "बाकी मले काही सांगू नोको. सुई घे नाईतं दाभण घे. शनवारी तांदूळ किती लावू, तेवढं सांग."

"दोघींना मिळून एक वाटी."

"एक वाटी," ती म्हणाली आणि मान डोलावली.

अमरावतीला परतल्यावर मी ती पाच कार्डं काढली. तळाची ओळ अजून कोरीच होती. पहिल्या कार्डावर लिहिलं, 'नाही. आई जेवली.' आणि खोक्यात ठेवून दिली.

पुढच्या शनिवारी गेले. आईनं पातेल्यावरचं झाकण काढलं नव्हतं. बाहेरूनच पाहिलं, एक नव्हे, दोन वाट्यांचा भात होता. वजन करायची गरज पडली नाही. तेवढं मीही, बाबांसारखंच, दारातून सांगू शकते.